शाळेची नोटीस हजेरीची आहे, पण मुलाची अडचण कदाचित व्हॅनमध्ये आहे

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा सातवीत, शाळा खाजगी अनुदानित. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्याचे एकतीस दिवस बुडाले. वर्गशिक्षकांची तक्रार की तो उलट उत्तरं देतो, म्हणून दोन वेळा त्याला पूर्ण तासभर वर्गाबाहेर उभं केलं. आता शाळेचं पत्र आलंय: हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली आहे, वार्षिक परीक्षेला बसू दिलं जाणार नाही, पालकांनी दाखला काढून न्यावा. तुम्ही विचारलंत, शाळा असं करू शकते का, तक्रार कुणाकडे करायची, आणि तक्रार केली तर त्याचा राग मुलावर निघेल का.

आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य लिहिलंत: "व्हॅनचा हॉर्न वाजला की पोट दुखतं, पण बाबा स्कूटरवर सोडतो म्हणाले की निमूट तयार होतो."

मी बत्तीस वर्षं शाळेत होते, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. तालुक्याच्या गावी, पाचवी ते दहावीची शाळा. तुमचे तीनही प्रश्न महत्त्वाचे आहेत, त्यांची उत्तरं देतेच. पण माझं लक्ष त्या शेवटच्या वाक्यावरच अडकलं आहे, आणि उत्तराचा बराचसा भाग त्याच वाक्याबद्दल असणार आहे.

आधी नियमाचं, कारण ते लवकर आटपतं. सातवीतल्या मुलाला शाळा काढून टाकू शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे) आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाचं नाव शाळेतून कमी करता येत नाही, आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा सोडल्या तर हे अनुदानित, विनाअनुदानित सगळ्या शाळांना लागू आहे. २०१९ ला या कायद्यात दुरुस्ती झाली, पण ती पाचवी आणि आठवीच्या परीक्षेपुरती. त्या दोन इयत्तांत नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. काढून टाकण्याची मुभा तेव्हाही कुणाला मिळाली नाही. ७५ टक्क्यांची अट मुळात दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेची आहे. शाळा ती खालच्या वर्गांना धाक म्हणून लावतात. आम्हीही लावायचो, हे कबूल करते. म्हणून "दाखला काढून न्या" हे वाक्य वाचून घाबरू नका, आणि रागाच्या भरात खरोखर दाखल्याचा अर्जही देऊ नका. पालकाने स्वतःच्या सहीने दाखला मागितला की शाळेने मुलाला काढलं असं कागदावर कुठेच राहत नाही. तुम्ही नेलात, एवढंच राहतं.

याची दुसरी बाजूही सांगते. सहावी ते आठवीला कायद्याने वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरायला हवी. तुमच्या मुलाचे एका सत्रातच ३१ दिवस गेले. गणिताच्या तासाला बैजिक राशी सुरू झाल्या तेव्हा तो घरी होता, पूर्णांकांचे गुणाकार झाले तेव्हाही घरी होता. परत आल्यावर त्याला फळ्यावरचं कळत नाही, कळत नाही म्हणून तो चुळबुळ करतो, शिक्षक बोलले की उलट बोलतो, की निघाला वर्गाबाहेर. बाहेर उभं राहून आणखी एक तास बुडतो. शाळेने तुम्हाला हजेरी आणि वर्तन अशी दोन प्रकरणं करून पाठवली आहेत. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा ते एकच प्रकरण असतं.

आता हजेरीबद्दल. आमच्याकडे हजेरीच्या रजिस्टरला कॅटलॉग म्हणतात. शिक्षक रोज पहिल्या तासाला तो भरतात, महिनाअखेर बेरीज करतात, टक्केवारी काढतात आणि कपाटात ठेवून देतात. बेरजेत फक्त किती दिवस ते कळतं. कुठले दिवस ते कळत नाही. मला हे उशिरा कळलं, आणि ज्या मुलीमुळे कळलं तिचं सांगते.

सहावीतली मुलगी. आठवड्यातून एक-दोन दिवस हमखास गैरहजर. मी मुख्याध्यापिका होऊन दुसरंच वर्ष होतं. मी छापील नमुन्यातल्या तीन नोटिसा घरी पाठवल्या, तिन्हींवर माझी सही. तिसऱ्या नोटिशीनंतर वडिलांनी तिला मारलं, हे मला नंतर समजलं. एक दिवस तिच्या वर्गशिक्षिका कॅटलॉग घेऊन ऑफिसात आल्या आणि माझ्या टेबलावर उघडा ठेवून म्हणाल्या, "बाई, हिची ओळ आडवी बघू नका, वारांच्या खाली उभी बघा." लाल शाईच्या खुणा जवळजवळ सगळ्या मंगळवारच्या रकान्यात होत्या, काही शुक्रवारच्या. मंगळवार आमच्या गावचा बाजार. त्या दिवशी तिचा नेहमीचा रिक्षावाला भाजीची भाडी करायचा आणि शाळेच्या मुलांना आणायला दुसराच माणूस यायचा. तो तिला पुढे, स्वतःच्या सीटवर बसवायचा. ती आम्हाला कुणाला बोलली नाही, आईलाही नाही. शाळेच्या शिपाई मावशींना बोलली, कारण मावशी तिला रोज डबा गरम करून द्यायच्या.

पुढचं इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही तिच्या आईसोबत पोलीस ठाण्यात होतो. जाण्याआधी संस्थेतल्या एका ज्येष्ठ माणसाचा मला फोन आला होता की आधी आपण आपल्या पातळीवर चौकशी करू, शाळेचं नाव खराब होईल. त्या फोनला मी काय उत्तर दिलं यापेक्षा मला अजून टोचतात त्या माझ्या तीन नोटिसा. त्या कॅटलॉगमध्ये ती मुलगी चार महिने आम्हाला सांगत होती आणि आम्ही त्यावर टक्केवारी काढत होतो.

ताई, तुमच्या मुलाचं असंच असेल असं मी म्हणत नाही. व्हॅन नको म्हणणाऱ्या मुलांची कारणं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि बहुतेक वेळा ती वेगळी निघतात. मोठी मुलं डबा हिसकावतात. कुणी बोबडा म्हणून चिडवतं. सात जणांच्या गाडीत पंधरा पोरं कोंबलेली, हा सगळ्यात लहान म्हणून दोन सीटच्या मधल्या फळीवर. एका मुलाला गाडीत उलटी होते, एवढंच कारण होतं. त्या उलटीवरून सगळे हसले म्हणून तो महिनाभर आला नव्हता. कधी कारण व्हॅनमध्ये नसतंच. व्हॅन म्हणजे शाळा, शाळा म्हणजे तो एक तास, आणि बाबा सोडायला आले की थोडा धीर येतो, इतकंच. पण कारण कुठलंही असलं तरी ते शोधल्याशिवाय हजेरी सुधारणार नाही. आणि सगळ्यात वाईट शक्यता आहे की नाही हे आधी पाहून घ्यायचं असतं, म्हणून मी तिथून सुरुवात करते.

आज रात्री एक करा. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर असेल, ज्यावर तुम्ही दुधाच्या खाड्यांच्या आणि गॅसच्या तारखा लिहिता तेच. त्यावर जूनपासूनचे एकतीस दिवस गोल करून घ्या. शाळेच्या पत्रात तारखा नसतील तर वर्गशिक्षकांकडून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. मग त्याचं वेळापत्रक शेजारी ठेवा. कुठल्या वारी बुडतो? त्या वारी कुठला तास असतो? पीटी? पोहणं? ज्यांनी बाहेर उभं केलं त्यांचा जोडतास? व्हॅनला त्या दिवशी कोण असतं? सुट्टीनंतरचा पहिला दिवस नेहमी बुडतो का? वर्गचाचणीच्या आदल्या दिवशी? मुलींच्या आयांना मी एक आणखी विचारते, महिन्याचे तेच चार-पाच दिवस आहेत का. आमच्या शाळेत आठवीच्या सात-आठ मुलींची गैरहजेरी अशी जुळली होती आणि कारण होतं स्वच्छतागृहाच्या दाराची तुटलेली कडी. कडी बसवली, बादलीत पाणी राहील असं पाहिलं, पुढच्या महिन्यापासून मुली येऊ लागल्या. त्यासाठी कुठलंही धोरण लागलं नाही, एक सुतार लागला.

आता मुलाशी बोलणं. हे सगळ्यात नाजूक आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

समोर बसवून विचारू नका. बारा वर्षांचा मुलगा आईच्या डोळ्यात बघून अशी गोष्ट सांगत नाही. मटार सोलताना, चादरीच्या घड्या घालताना, बाबांच्या मागे स्कूटरवर बसलेला असताना बोलतो, कारण तेव्हा दोघांची नजर दुसरीकडे असते. "तुला कुणी हात लावला का?" असा प्रश्न सुरुवातीला नको. त्यातून दोनच गोष्टी होतात. एक तर तो घाबरून नाही म्हणतो, नाहीतर तुम्हाला जे ऐकायचंय असं त्याला वाटतं ते सांगतो. त्याऐवजी साधं विचारा. व्हॅनमध्ये तू कुठे बसतोस? शेजारी कोण असतं? पहिला कोण चढतो, शेवटी कोण उतरतं? एक कागद देऊन सीट काढायला सांगा आणि कोण कुठे बसतं ती नावं लिहायला सांगा. मुलं चित्र काढताना बोलतात. तो शेवटी उतरणारा एकटा आहे का, हे एवढ्यावरून कळेल.

तो काही बोललाच, तर तुमचा चेहरा सांभाळा. रडू येईल, राग येईल, पण त्याच्या समोर नको. "मला सांगितलंस हे बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही" एवढंच म्हणा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला मोडावं लागेल. "तुला त्रास होऊ नये म्हणून ज्यांना सांगायला हवं त्यांनाच सांगेन" असं म्हणा. पुन्हापुन्हा विचारू नका. मावशी आली की परत सांग, आजोबा आले की परत सांग, असं तर मुळीच नको, आणि मोबाईलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करत बसू नका. तो झोपल्यावर वहीत त्याचेच शब्द, जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. तो जो शब्द वापरेल तोच लिहा, तो कितीही कसातरी वाटला तरी. तुमच्या भाषेत सुधारून लिहू नका.

आणि एक गोष्ट आपल्या घरांमध्ये मुद्दाम सांगावी लागते. मुलगा आहे, त्याला काय होणार, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २०१२ चा पोक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे, कारण त्रास दोघांनाही होतो. मुलगे फक्त उशिरा सांगतात.

इथून दोन वाटा फुटतात, आणि कुठल्या वाटेने जायचं हे तुम्हाला कॅलेंडर आणि मुलगा मिळून सांगतील.

पहिली वाट, जर त्याच्या बोलण्यातून कुणी शरीराला नको तसा स्पर्श केल्याचा, काही दाखवल्याचा, धमकावल्याचा संशय जरी आला. तेव्हा शाळेच्या तक्रारीची पायरी-पायरीची शिडी नाही. थेट पोलीस ठाणे, किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन, तातडीचं असेल तर ११२. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती किंवा नुसती धास्ती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे, आणि त्यात मुख्याध्यापकही आले. शाळेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची अशी गोष्ट दडवली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो, दोन दिवस थांबा" असं शाळा म्हणाली, तर शांतपणे एवढंच सांगा की चौकशी तुमची तुम्ही करा, आम्ही ठाण्यात चाललो आहोत. तिथे "ही आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवता येतो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. तुम्ही त्याच्याजवळ बसू शकता. अंगावर काही खुणा असतील तर कपडे न धुता जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. तपासणीसाठी आधी एफआयआर झालेला असण्याची अट नाही.

दुसरी वाट, जर कारण चिडवणं, दादागिरी, गाडीतली गर्दी किंवा वर्गातला तो तास असेल. इथे शाळेशी बोलून काम होतं, बहुतेक वेळा होतंच, पण बोलणं कागदावर हवं. माझ्याकडे येणाऱ्या पालकांचे दोन प्रकार असायचे. एक दारातूनच आवाज चढवून येणारे, आणि दुसरे "बाई, जरा लक्ष असू द्या" म्हणून जाणारे. दोघांचंही काम रखडायचं. पहिल्यांच्या ओरडण्यामुळे शिक्षक एकजूट व्हायचे, दुसऱ्यांचं म्हणणं मी त्या दिवशीच्या गडबडीत खरंच विसरायचे. ज्यांच्या अर्जावर आवक क्रमांक पडला, त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर पुन्हा पुन्हा यायचा, कारण त्याला उत्तर गेल्याशिवाय तो फाइलला लागत नसे.

म्हणून मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज लिहा. एका पानापेक्षा मोठा नको. त्यात आरोपांची विशेषणं नकोत, घटना लिहा. उदाहरणार्थ, अमुक तारखेला तिसऱ्या तासाला त्याला वर्गाबाहेर उभं केलं, तास संपेपर्यंत आत घेतलं नाही. अमुक तारखेलाही तसंच. व्हॅनमध्ये अमुक इतकी मुलं बसतात, त्याची सीट अमुक. मग काय हवंय ते मोजकं मागा: गैरहजेरीच्या तारखांची यादी, वर्गशिक्षक, तुम्ही आणि मुख्याध्यापक अशी एकत्र बैठक, बुडालेल्या धड्यांसाठी शनिवारचा एखादा तास, आणि व्हॅनबद्दल काय करणार याचं लेखी उत्तर. शेवटी, "या विषयावर पुढची भेट अमुक आठवड्यात व्हावी ही विनंती." दोन प्रती न्या, एकीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. लिपिकांनी पोच द्यायला टाळाटाळ केली तर वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

बैठकीत तुमच्या हातात दोन मुद्दे पक्के आहेत. एक, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७. मुलाला मारणं आणि मानसिक छळ करणं दोन्हीला त्यात बंदी आहे, आणि तासभर वर्गाबाहेर चारचौघांत उभं करणं हा अपमानच आहे. दुसरा मुद्दा कलम २४ चा. मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची गती याबद्दल पालकांशी नियमित बोलणं हे शिक्षकांचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलेलं आहे. पहिल्या दहा दिवसांच्या गैरहजेरीनंतर फोन यायला हवा होता, एकतिसाव्या दिवसानंतर नोटीस नव्हे. पण हेही लक्षात असू द्या की मुलाला शाळेत घालण्याची जबाबदारी त्याच कायद्याने पालकांवर टाकली आहे, आणि एकतीस दिवसांपैकी किती दिवस तुम्ही चिठ्ठी दिलीत, हे ते विचारतील. चिठ्ठ्या दिल्या नसतील तर तसं मोकळेपणाने सांगा. आणि आणखी एक, सलग महिन्याहून जास्त गैरहजर राहिलेल्या मुलाची गणना आपल्या राज्यात शाळाबाह्य मुलांत होते. तिथपर्यंत जाऊ देऊ नका, मध्ये मध्ये का होईना तो शाळेत दिसला पाहिजे.

शिक्षकांबद्दलही दोन शब्द, कारण मी त्या बाजूच्या टेबलाशी जास्त वर्षं बसले आहे. कायद्यात सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. प्रत्यक्षात साठ-पासष्ट मुलांचे वर्ग मी घेतले आहेत. एक मुलगा उलट बोलला की बाकीचे चौसष्ट बघतात आता सर काय करणार, आणि त्या क्षणी दार दाखवणं सोपं वाटतं. मी स्वतः दाखवलेलं आहे. ते चूकच आहे. पण त्या शिक्षकाला खलनायक करून बैठक सुरू केलीत तर ती तिथेच संपेल. आमच्याकडे उपयोगी पडलं ते असं: मुलाला जागा बदलून दिली, पहिल्या बाकावर नाही, तर एखाद्या शांत मुलाशेजारी. त्याला रोजचं एक काम दिलं, नकाशे आणायचं किंवा पाण्याची टाकी भरली का पाहायचं. आणि दर शुक्रवारी वर्गशिक्षकांनी दैनंदिनीत दोन ओळी लिहायच्या, त्यातली एक चांगली असलीच पाहिजे. पालकांनी सोमवारी त्याखाली सही करायची. सहा-सात आठवडे टिकलं तर फरक दिसतो. दोन आठवड्यांत काहीच दिसत नाही, त्यामुळे सोडून देऊ नका.

व्हॅनबद्दल शाळेचं ठरलेलं उत्तर असतं, "ती गाडी आमची नाही, पालकांनी परस्पर लावली आहे." ते पूर्ण खरं नाही. महाराष्ट्रात २०११ पासून शाळांच्या वाहतुकीसाठी नियम आहेत आणि शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघडकीला आल्यानंतर शासनाने पुन्हा निर्णय काढला. त्यात सीसीटीव्ही, शाळेत आणि शाळेच्या गाड्यांवर येणाऱ्या माणसांची पोलिसांकडून पडताळणी, तक्रार पेटी, विद्यार्थी सुरक्षा समिती हे सगळं आलं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायच्या सखी सावित्री समितीचा निर्णय तर त्याच्याही आधीचा, मार्च २०२२ चा. तुम्ही बैठकीत एवढंच विचारा की परिवहन समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि सखी सावित्री समितीत पालक प्रतिनिधी कोण आहेत. कुणाचा अपमान न करता विचारलेल्या या दोन प्रश्नांनी पुष्कळ कपाटं उघडतात.

तक्रार पेटीचं आमचं उदाहरण सांगते. पहिली दोन वर्षं पेटी ऑफिसच्या दारात टांगली होती, लिपिकांच्या अगदी समोर. त्यात एकही चिठ्ठी पडली नाही आणि आम्ही समाधानी होतो की आमच्याकडे तक्रारीच नाहीत. मग एका बाईंनी सुचवलं म्हणून ती जिन्याच्या वळणावर हलवली, जिथे कुणी बसलेलं नसतं. पहिल्या पंधरवड्यात अकरा चिठ्ठ्या निघाल्या. तुमच्या शाळेतली पेटी कुठे आहे ते जाता-येता बघून ठेवा.

शाळेने दाद दिली नाही तर पुढे जायचं. संस्थेच्या सचिवांना अर्जाची प्रत द्या, आणि त्याचबरोबर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. तुमची शाळा पाचवी ते दहावीची असेल तर माध्यमिक विभागाकडे, मुंबईत असाल तर तुमच्या विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. मी हे लिहितेय, पण माझ्या नऊ वर्षांत शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत गेलेले अर्ज मोजकेच होते. पोच घेतलेला पहिला अर्ज नीट लिहिलेला असला की बहुतेक प्रकरणं मुख्याध्यापकांच्या टेबलावरच मिटतात.

पालकांच्या ग्रुपवर मात्र हे टाकू नका. व्हॅनवाल्याचं नाव, शिक्षकांचं नाव, तुमच्या मुलाचं काय झालं, काहीच नको. दुपारपर्यंत ते अख्ख्या वर्गाच्या घरी पोचतं, दुसऱ्या दिवशी पोरं त्याला तेच बोलून चिडवतात, आणि प्रकरण पहिल्या वाटेचं असेल तर मुलाची ओळख उघड होते आणि समोरचा माणूस सावध होतो. दुसऱ्या एखाद्या मुलालाही व्हॅनमध्ये त्रास होत असेल असं वाटलं तर त्या एका आईला फोन करा आणि भेटून बोला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, राग निघेल का. खोटा दिलासा देत नाही. काही शाळांत थोडे दिवस गारवा जाणवतो. शिक्षक वहीवर सही करतात पण बोलत नाहीत, सहलीच्या यादीत नाव शेवटी येतं. लेखी तक्रार केलेल्या मुलाला उघडपणे त्रास देणं मात्र कुठल्याही शिक्षकाला परवडत नाही, कारण पुढची प्रत्येक घटना त्या अर्जाला जोडली जाते. जास्त त्रास मी त्या मुलांना झालेला पाहिला आहे ज्यांचे पालक फक्त तोंडी भांडून गेले. आणि सगळं करूनही तिथे त्याचं मन लागलं नाही, तर दुसऱ्या अनुदानित किंवा सरकारी शाळेत जाण्याचा त्याला हक्क आहे, मुख्याध्यापकांना दाखला अडवून ठेवता येत नाही. पण ते त्याच्या मनाने आणि सत्राच्या शेवटी, नोटिशीला घाबरून नव्हे.

पोटदुखीचं विसरू नका. ती नाटक आहे असं घरात कुणी म्हणत असेल तर थांबवा. भीतीने पोट खरंच दुखतं. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, म्हणजे जंत किंवा आणखी काही असेल तर कळेल, आणि तो सकाळी नुसता गप्प बसू लागला असेल, झोपेत दचकत असेल तर समुपदेशकाकडे न्या. जवळ कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

तोपर्यंत, म्हणजे कारण कळेपर्यंत, बाबांनी त्याला स्कूटरवर सोडावं आणि आणावं. कामाची अडचण असेल तर शेजारच्या मुलासोबत बसने, पण त्या व्हॅनमधून नको. अर्ज देण्याच्या आधीच हे सुरू करा, उद्यापासून. एक आठवडा तसा गेला की कॅलेंडरवर परत बघा. पोट दुखायचं थांबलं आणि तो रोज गेला, तर कुठे शोधायचं ते कळलं. स्कूटरवरूनही तो गुरुवारी रडला, तर गुरुवारचं वेळापत्रक काढा.

गोल करून झालेले वार मला कळवा. नावं, शाळा काही नको, फक्त वार आणि त्या दिवशीचे तास. मी संध्याकाळी सात नंतर मोकळी असते, आपण ते एकत्र बघू.